मुठीतली शिट्टी

रेडकाच्या कपाळावर नारिंगी टिकली दिसली तेव्हा घरातले सगळे पोट धरधरून हसले होते. अंकीनं एकट्या रेडकालाच नटवलं नव्हतं; गोठ्याची खुंटी, पाण्याची कळशी, आबांचा दाढीचा आरसा, तिनं कुणाला म्हणून सोडलं नव्हतं. "नातीला माज्या हौस लय!" असं शालूबाई शेजारणीला कौतुकानं सांगत होत्या. अंकीची आई संयोगिताही हसली होती. पुढं महिन्याभरानं शाळेच्या फाटकाशी बाईंनी तिला गाठलं आणि विचारलं, "अंकिताला हल्ली मशीन लावत नाही का हो तुम्ही? मागून हाक मारली तर वळतसुद्धा नाही." तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो असा पडला की ती घरापर्यंत पळतच आली.

टिकल्या कसल्या, ते कानाच्या मशीनच्या सेलवरचे स्टिकर होते. सेल असतो शर्टाच्या बटणाएवढा. वरचा स्टिकर सोलला की त्याला हवा लागते आणि तो चालू होतो; मग तुम्ही वापरा नाहीतर डबीत ठेवा, तो आपला संपत जातो. अंकीनं सगळं पाकीट सोलून रेडकाला वाहिलं होतं. द्राक्षांच्या हंगामात संयोगिता उजाडायच्या आत बागेत जायची, म्हणून सेल बदलायचं काम सासूबाईंकडं होतं. शालूबाईंना वाटलं, बरं झालं, या खेपेला दुकानदारानं सोलूनच दिलेत. त्या मेलेला सेल काढायच्या आणि मेलेलाच घालायच्या.

म्हणजे पोरगी किती दिवस बंद मशीन कानात अडकवून हिंडत होती, देव जाणे. आणि एवढ्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस आपल्या कानाला बोट लावून तिला विचारत होतं, "अंके, येतंय का ऐकू?" आणि अंकी टाचा जुळवून, हनुवटी वर करून ठणकावून सांगत होती, "व्हय!"

हे "व्हय" आबांनी शिकवलेलं. आबा म्हणजे संयोगिताचे सासरे लालासाहेब, तोफखान्यातून सुभेदार होऊन घरी आलेले. त्यांचा मुलगा, अंकीचा बाप उदयसिंह, तोही फौजेतच. त्याची भेट फोनवर. अंकी नऊ वर्षांची. चालायला उशीर, बोलायला त्याहून उशीर. गाव तोंडावर "जरा हळू हाय" म्हणायचं आणि पाठीमागं काय म्हणायचं ते संयोगिताला ठाऊक होतं. पोरगी सात वर्षांची झाल्यावर सांगलीच्या दवाखान्यात कळलं, की डोकं हळू आहे ते आहेच, पण एक कान गेलेला आहे आणि दुसऱ्याचं मशीनवर भागेल. त्याच्या कितीतरी आधीपासून आबांनी तिला आपल्या परीनं तयार करायला घेतलं होतं. मोठ्या माणसानं काही विचारलं की सरळ उभं राहायचं आणि "व्हय" म्हणायचं. पाहुणे आले की अंकीची परेड ठरलेली. "पोरगी शानी नसंल," आबा मिशीवरनं हात फिरवत म्हणायचे, "पर शिस्तीची हाय. कवा कुणाला न्हाई म्हणत न्हाई." पाहुणे वाहवा करायचे. संयोगितालाही तेव्हा बरंच वाटायचं. लेकीचं कौतुक व्हावं असं दुसरं होतं काय तिच्याकडं?

आता मात्र ते "व्हय" तिला खुपायला लागलं. पोट दुखतंय? व्हय. पोट बरं हाय? व्हय. शाळेत कुणी मारलं? व्हय. डबा खाल्लास? व्हय. आजवर मिळालेली सगळी उत्तरं नाणं वाजवून बघावं तशी तिनं मनात वाजवून बघितली, आणि एकाचाही भरवसा वाटेना. ती भाकरी थापता थापता उठायची, धुणं अर्ध्यावर टाकून रस्त्यावर येऊन उभी राहायची. 

कारण खरी भीती रस्त्याचीच होती. घर आणि शाळा यांच्यामध्ये एकच सडक, आणि उसाच्या हंगामात त्या सडकेवर दिवसभर ट्रॅक्टरांची रांग. एकेकाच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस एवढा रचलेला की डुलत यायचा, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर टेप फाटेस्तोवर लावलेला. संयोगिता शिरवळची. हायवेच्या कडेला वाढलेली पोर, कंपन्यांच्या कंटेनरमधून सायकल काढणारी. तिनं आयुष्यात कुठल्या गाडीला भीक घातली नव्हती. पण मागून येणारी गाडी ज्याला ऐकूच येत नाही त्याचं काय, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघायला तयार होईना. रोज पोहोचवायला जायचं तर हंगामात बाग नाहीतर बेदाण्याची शेड, काहीतरी सोडावं लागे. आणि समजा सोडलं, तरी ती जन्मभर का लेकीचा हात धरून चालणार होती?

"मला दुसरं काय बी नको," ती नवऱ्याला फोनवर म्हणाली, "वाचाय नको, आकडं नकोत. मशीन बंद पडलं तर बंद हाय एवढं तिनं सांगावं. बास."

"शिकंल गं हळूहळू," उदयसिंह म्हणाला.

"ट्रॅक्टर हळूहळू येत न्हाईत," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मग तिनं स्वतःच शिकवायला घेतलं. घरच्या शेडवरचा बेदाणा वाटीत घेतला. मशीनमधून सेल काढून घ्यायचा, रिकामं मशीन अंकीच्या कानात घालायचं आणि आपल्या कानाला बोट लावून मान हलवायची: न्हाई. अंकीनं "न्हाई" म्हटलं की बेदाणा. तीन दिवसांत पोरगी तयार झाली. इतकी तयार झाली की सेल असला तरी न्हाई, नसला तरी न्हाई. जेवलीस का? न्हाई. आबा कुठं हायत? न्हाई. तुझं नाव काय? न्हाई! आणि प्रत्येक न्हाईनंतर तळहात पुढं. आबांना तर धक्काच बसला. "सूनबाई, चांगल्या पोरीला काय वळण लावायलीस?" ते म्हणाले. वाटी रिकामी झाली आणि अंकी परत "व्हय"वर आली.

सांगलीच्या दवाखान्यातल्या कानाच्या बाई वयानं लहान होत्या, पण तोंडानं फटकळ. हे सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "ती मशीनचं उत्तर देतच नाही. तुमचं तोंड बघते आणि तुम्हाला काय हवंय ते देते. तुम्ही विचारणं बंद करा."

"मग कळायचं कसं?" संयोगितानं जरा चढ्या आवाजातच विचारलं.

बाईंनी मशीन चालू करून मुठीत धरलं आणि मूठ संयोगिताच्या कानाशी आणली. आतून बारीक, टोकदार शिट्टी येत होती. मूठ उघडली की बंद, मिटली की चालू. सेल मेला की शिट्टी नाही. "तिला स्वतःला ही ऐकू यायची नाही," बाई म्हणाल्या, "पण घरात कान असलेलं माणूस आहे ना कुणीतरी?"

परतीच्या एसटीत तासगाव येईपर्यंत संयोगिता मशीन धरलेली मूठ उघडत-मिटत बसली. कंडक्टरनं दोनदा वळून बघितलं. तिनं मनाशी ठरवलं, की आता विचारायचं अंकीनं आणि उत्तर द्यायचं मोठ्या माणसांनी. रोज सकाळी मशीन मुठीत धरून यायचं आणि मूठ आजीच्या कानाला लावायची. आजी "वाजतंय" म्हणाली की मशीन कानात. "न्हाई" म्हणाली की नवीन सेल, आणि परत मूठ. अंकीला हे शिकायला जवळजवळ सगळा पौष गेला. सुरुवातीला तिनं मूठ म्हशीच्या कानाला लावली, रांजणाला लावली, कपाटाच्या कडीला लावली आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. पण एकदा का गोष्ट तिच्यात बसली की बसली. मग रोज उठल्यावर चूळ भरायच्या आधी मूठ तयार. शालूबाई आपलं काम इमानानं करत. शिट्टी वाजली तर वाजली म्हणत, नाहीतर नाही. संयोगिता थोडी निवांत झाली. म्हणजे उठून रस्त्यावर जायची ती नुसतं खिडकीतून बघू लागली.

अशात शालूबाईंच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा निघाला. भाऊ विट्याचा, सोनं गाळायचं, गलाईचं दुकान तिकडं कोइम्बतूरला. तो वर्षातून एकदा गावी यायचा, तेव्हा न जाऊन भागण्यासारखं नव्हतं. शालूबाई विट्याला गेल्या. इकडं शेडवर बेदाणा वाळून तयार, माणसं लावलेली. संयोगिताला भल्या सकाळी तिथं जाणं भाग. आबा म्हणाले, "मी हाय की घरात. मूठच ऐकायची न्हवं? एवढी फौज सांभाळली, एक मूठ सांभाळंना व्हय?" आणि शाळेतही तेच सोडणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संयोगिता शेडवर वरच्या कप्प्यातला माल खाली ढकलत होती. शेडच्या जाळीतून सडक दिसायची. आजा आणि नात हातात हात घालून मधोमध चालले होते. आबा असे मधूनच चालायचे, ही गावातली जुनी थट्टा होती. "सुभेदार रस्ता सोडत न्हाईत, रस्त्यानंच सुभेदारांना सोडून जायचं," असं पोरं म्हणत. गाड्या आपल्या कडेनं निघून जात. संयोगितानं बघितलं आणि क्षणभर तिला छानच वाटलं.

मग वळणावरून ट्रॅक्टर आला. भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि पुढं उतार. हॉर्न वाजला. दोघं चालत राहिले. परत वाजला, या खेपेला लांब. शेडवरच्या बायका माना वर करून बघू लागल्या. अंकी वळली नाही. संयोगिताच्या ध्यानात आलं, मशीन बंद हाय! पण आबा? आबाही वळले नव्हते. ते शांतपणे, छाती काढून चालले होते, आणि मागं हॉर्न आता थांबतच नव्हता.

"मामा! अंके! आवं मामा!" सासऱ्यांना आणि लेकीला हाका मारत ती वरून उडी टाकून धावली. पायाला जाळीची तार लागली ते तिला नंतर कळलं. ड्रायव्हरनं शेवटच्या क्षणी चाक फिरवलं, ट्रॅक्टरचं तोंड चरीत गेलं, मागची ट्रॉली तिरकी झाली आणि उसाच्या मोळ्या धडाधड रस्त्यावर आल्या. पायाखालची जमीन हादरली तेव्हा कुठं आजा-नात मागं वळली. एवढा ऊस आपोआप रस्त्यावर आलेला बघून अंकी टाळ्या पिटायला लागली.

संयोगितानं तिला उचललं, जमिनीवर ठेवलं, परत उचललं. काय करावं ते तिला सुचत नव्हतं. ड्रायव्हर गावातलाच, कोंडीबाचा पोरगा अर्जुना. तो उडी मारून खाली उतरला. "आवं सुभेदार," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "किती येळ हॉर्न मारतोय मी! जरा बाजूला व्हायचं न्हाई का?"

त्याचे हातवारे आणि चेहरा बघून आबांना काय ते समजलं. "हॉर्न मारला असतास तर झालो नसतो व्हय बाजूला?" ते कडाडले. "गाडी चालवायची शिस्त न्हाई, वर खोटं बोलतोस?"

 शेडवरच्या बायका जमल्या होत्या, शाळेला निघालेली पोरं जमली होती, आणि तो हॉर्न त्यातल्या प्रत्येकानं ऐकला होता. अर्जुनानं संयोगिताकडं बघितलं आणि मान खाली घातली. तिनं अंकीच्या कानातलं मशीन काढलं, मुठीत धरलं, कानाला लावलं. शिट्टी नव्हती.

"मामा," तिनं समोर उभं राहून, तोंड दिसेल असं विचारलं, "सकाळी हिनं मूठ आणली हुती न्हवं?"

"आणली की. वाजत हुतं. शाबास बी म्हणलं म्या."

तिनं घरी येऊन विट्याला सासूबाईंना फोन लावला. "आत्या, मामांना ऐकू येत न्हाई?"

पलीकडं शालूबाई फोन घेऊन बाजूला झाल्या. मागं साखरपुड्याचा गलका ऐकू येत होता. "मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "लय वर्सं झाली. तोफांनी कान खाल्लं त्येंचं. मी जवळ हुभी असती, तोंडाकडं बघत बोलती, मंग भागतं. बाकीचं ते व्हय व्हय म्हणून निभावत्यात."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं न्हाई?"

"सुभेदाराला बहिरा म्हणू का गं मी?" शालूबाई चिडूनच म्हणाल्या, आणि मग रडायला लागल्या.

संयोगिताच्या अंगात राग मावत नव्हता. लालासाहेबांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही, असं सगळं गाव कौतुकानं म्हणायचं. आणि तेच "व्हय" त्यांनी पोरीला जसंच्या तसं दिलं होतं, आपली जुनी ट्रंक द्यावी तसं. तिनं मशीनमध्ये ताजा सेल घातला. ओसरीवर आबा पेपर वाचत बसले होते. तिनं मूठ त्यांच्या कानाशी नेली. शिट्टी तिला स्वतःला हातभरावरून टोचत होती.

आबांनी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "वाजतंय, वाजतंय."

तिनं सेल काढून घेतला आणि रिकामी मूठ परत लावली.

"वाजतंय म्हणलं न्हवं?"

तिनं त्यांच्यापुढं हात उघडला. एका तळहातावर मशीन, दुसऱ्यावर सेल. आबांनी बघितलं. मग त्यांनी पेपरची व्यवस्थित घडी घातली, चपला घातल्या आणि ते बागेकडं निघून गेले. दुपारी जेवायला आले नाहीत. आपण केलं ते बरोबर केलं असं संयोगिताला वाटत होतं, आणि त्याच वेळी आपल्याच हाताचा तिला तिटकाराही आला होता.

शालूबाई परतल्या त्या तोंड फुगवूनच. आबा सुनेशी बोलेनात. ते उजाडायच्या आधी उठून बागेतल्या पंपाच्या खोलीत जाऊन बसू लागले. सुभेदार नऊ वर्षांच्या पोरीला चुकवत होता; कारण अंकीच्या डोक्यात आता नवीनच गोष्ट बसली होती. मूठ न्यायची ती आबांकडं. आजी नुसतं वाजतंय म्हणायची, आबांनी शाबास म्हणून पाठ थोपटली होती. शालूबाई कान पुढं करायच्या, अंकी मूठ मागं घ्यायची. आबा नाहीत म्हटल्यावर ती उंबऱ्यावर मूठ मिटून उभी राहायची. मशीन कानात घालू द्यायची नाही, चहा प्यायची नाही, शाळेचं नाव काढू द्यायची नाही. संयोगितानं समजावून बघितलं, ओरडून बघितलं, एकदा मूठ जबरदस्तीनं उघडायला गेली तर पोरगी अशी कळवळून रडली की तिनंच हात जोडले.

असे दोन-तीन दिवस गेल्यावर एका सकाळी कोंडीबा पोराला घेऊन माफी मागायला आला. घरी माणूस आल्यावर आबांना पंपाच्या खोलीतून यावंच लागलं. ओसरीवर घोंगडं टाकलं, चहा झाला. कोंडीबा म्हणत होता, "पोराचं चुकलं सुभेदार, तुमी मनावर घिऊ नका." आबा मान हलवत होते.  तेवढ्यात अंकी आतून आली, आबांसमोर उभी राहिली आणि तिनं मूठ त्यांच्या कानाला लावली.

संयोगिता दारात होती. शिट्टी तिच्यापर्यंत ऐकू येत होती, म्हणजे कोंडीबाला येत होती, अर्जुनालाही येत होती. आबांनी अंकीकडं बघितलं, मग त्या दोघांकडं बघितलं. एक "वाजतंय" म्हटलं असतं तर सगळं भागलं असतं, आणि या खेपेला ते खरंही ठरलं असतं.

"न्हाई," आबा म्हणाले, आणि मान हलवली.

अंकीला न्हाईचा अर्थ पक्का ठाऊक होता. ती आत गेली, सेल बदलून आली, मूठ लावली. "न्हाई," आबा म्हणाले. ती परत गेली. चांगले सेल वाया चाललेले बघून संयोगिता पुढं झाली, पण आबांनी तिला हातानं थांबवलं. पोरगी आली. मूठ कानाला. आबांचे डोळे भरले होते. "न्हाई, बाळा. मला ऐकू येत न्हाई." हे ते अंकीला म्हणाले, पण ऐकलं ते बाकीच्यांनी. कोंडीबानं चहाचा रिकामाच कप तोंडाला लावला.

अंकी गोंधळली. तिनं मूठ आजीकडं नेली. शालूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "वाजतंय." ती कोंडीबाकडं गेली. "वाजतंय की." अर्जुनाकडं गेली. त्यानं नुसती मान हलवली, व्हय. परत आबांकडं. न्हाई. मग ती ओसरीच्या मधोमध आपल्या मुठीकडं बघत उभी राहिली. तिचं डोकं चालायला वेळ लागतो आणि त्या दिवशीही लागला. कुणी घाई केली नाही. शेवटी तिनं मशीन आपल्या कानात बसवलं, आबांजवळ गेली आणि आपला तळहात त्यांच्या कानावर ठेवला.

"आबा न्हाई," ती म्हणाली.

"व्हय," आबा म्हणाले.

पुढं आबांनी सांगलीला जाऊन कान दाखवायचं कबूल केलं, पण बेदाणा सौद्याला गेल्यावर, अगोदर नाही. रस्त्यानं जाताना मात्र ते आता कडेनं जाऊ लागले. अंकी दिसेल त्याला "आबा न्हाई" सांगत सुटली. दुकानदाराला सांगितलं, शाळेच्या बाईंना सांगितलं. संयोगिताला हसू यायचं, आणि हसता हसता ती गप्प व्हायची. आबांचं बंद आहे, हे पोरीला कळलं होतं. तिचं स्वतःचं कधी कळणार?

त्या सोमवारी निघायलाच उशीर झाला होता. सकाळी मूठ वाजली होती, आजीनं ऐकली होती. कोपऱ्यावर सडक ओलांडायची, तिथं ट्रॅक्टर एकामागं एक. एक गेला आणि मधे जरा जागा मिळाली, तशी संयोगितानं अंकीचा हात ओढला. "चल, पळ!"

अंकी जागची हलली नाही.

"अगं चल की!"

"न्हाई," अंकी म्हणाली.

पाय रोवून उभी. बेदाण्यासाठी सोडलं तर जिनं जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, त्या पोरीनं भर रस्त्यात, उशीर झालेला असताना हट्ट धरलेला बघून संयोगिताचं टाळकं सटकलं. पुढचा ट्रॅक्टर जवळ येत होता. तिचा हात वर गेला. खरंच गेला. अंकीनं त्या हाताकडं बघितलं, दचकून डोळे मिटले, आणि तरीही हलली नाही. मिटल्या डोळ्यांनीच तिनं आपला तळहात आपल्या कानावर ठेवला.

"अंकी न्हाई," ती म्हणाली.

संयोगितानं वर गेलेला हात खाली आणला. तिनं मशीन काढलं, मुठीत गच्च धरलं आणि कानाला लावलं. काही नव्हतं. ट्रॅक्टरच्या टेपचा एवढा गोंगाट चाललेला, पण मुठीत काही म्हणजे काही नव्हतं.  ती सडकेच्या कडेला मातीत खाली बसली आणि लेकीच्या पोटाशी डोकं लावून ढसाढसा रडली. आई का रडते ते अंकीला समजलं नाही. तिनं आपल्या परीनं तिची पाठ थोपटली, आबा थोपटायचे तशी.

पर्स उलटीपालटी केली तरी सेल सापडला नाही. परत घरी जावं लागणार होतं. दोघी वळल्या आणि रस्त्यावर आल्या तशी मागून ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हॉर्न मारायला लागला. संयोगिता गर्रकन फिरली.

"थांब की रं जरा!" ती सगळ्या सडकेला ऐकू जाईल अशी ओरडली. "पोरीचं मशीन बंद हाय! तिनं सांगितलंय मला, तिनं सोताहून सांगितलंय!"

ट्रॅक्टरवाला बिचारा थांबला. त्याच्या मागचेही थांबले. दोघी त्याच्या पुढून सडकेनंच सावकाश घराकडं गेल्या, आणि अंकी शाळेत पोहोचली तेव्हा पहिला तास संपत आला होता.